आबासाहेबांच्या मोटरीचं तेल

किस्से काही कुठून गोळा करून आणावे लागत नाहीत. दोन घरांमधली भिंत ठेंगणी असली आणि पलीकडच्या अंगणात मोटर उभी असली, की ते आपोआप साचतात. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण त्या भिंतीपाशी उभी राहून जेवढं शिकले, तेवढं शाळेत नाही!

धामणगाव बढ्यात तेव्हा मोटर एकच, आमच्या शेजारच्या आबासाहेबांची. लढाईचे दिवस. तेलाच्या एका डब्यासाठी नागपूरच्या सरकारापर्यंत अर्ज करायची पाळी, आणि मिस्त्री पार मलकापूरला. म्हणून इंजिनाचं तेल आबासाहेब घरीच बदलत. त्यात त्यांच्या मुलीचं, कुसुमचं, लग्न रोहिणखेडच्या मुलाशी ठरलं, आणि बैठकीत आबासाहेबांनी मिशीला पीळ देत सांगून टाकलं, "नवरदेव माह्या मोटरीत बसूनच मांडवात येईन. नाही आला तं नाव बदलून टाकीन!"

तेव्हापासून सगळ्या घराचा जीव त्या इंजिनात!

* * *

पहिल्यांदा तेल काढलं तो दिवस. आबासाहेब मोटरीखाली उताणे, बाहेर फक्त दोन पाय. एकात वहाण, एक उघडा. तेवढ्यात डाकवाला आला. त्याने ते पाय पाहिले, पिशवी टाकली आणि बोंबलत सुटला, "आबासाहेब मोटरीखाली आले होऽ!"

घटकाभरात अर्धं गाव अंगणात. आबासाहेबांच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी तर पदर तोंडाला लावून गळाच काढला, "कसा सोन्यासारखा होता व माहा आबा!"

खालून आवाज आला, "अजून हाये मी! रडनं झालं असन तं तो पाना सरकवा इकडं!"

* * *

मोटरीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. शाळेच्या मास्तरांना बोलावून ते वाचून घेतलं. मास्तर म्हणाले, "तेल गरम असावे, असे लिहिले आहे." म्हणजे आधी इंजिन थोडं चालवायचं आणि मग जुनं तेल काढायचं, पण हे पुढचं पान मास्तर उलटेपर्यंत थांबतो कोण? आबासाहेबांच्या मंडळी, जानकीवहिनी, दाराआडून ऐकत होत्या. त्यांनी नवा डबा उचलला, मोठ्या कढईत ओतला आणि कढई चुलीवर चढवली!

धूर पाहून आबासाहेब धावले. "अवं, हे काय करून राह्यली?"

"काऊन? पाहुन्याच्या अंगाले लावाचं तेल बी आपुन कोमट करतो. मोटर तं घरची हाय!"

पुढे महिनाभर त्यांच्याकडच्या भज्यांना मोटरीचा वास. मी खाल्लीत, म्हणून सांगते.

* * *

तेल किती आहे ते पाहायला इंजिनात एक लांब कांडी असते. ती ओढायची, पुसायची, पुन्हा बुडवून पाहायची. आबासाहेब ती धोतराला पुसत. दिवसातून चारदा! शेवटी परीट गाठोडं घेऊन दारात उभा राहिला.

"साहेब, या काळ्या काठाचं काय करू? ठेवाचा असन तं दुसऱ्या बाजूनं बी पाडून द्या. जोड तरी दिसन!"

* * *

काढलेलं जुनं तेल घमेलंभर असे. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून ते नामी! तेल काढल्याची बातमी फुटली, की गाडीवाले वंगणाची नळकांडी घेऊन हजर. आबासाहेब सगळ्यांना वाटत. पण एकदा त्यांना रागच आला.

"तेल कधी काढता, तेल कधी काढता! मोटर रस्त्यानं कशी पयते ते नाही इचारत बे कोनी?"

एक गाडीवाला डोकं खाजवत म्हणाला, "पयताना कुठं दिसते, साहेब? जवा पाहावं तवा तुमी तिच्या खाली!"

* * *

आता लग्नाचं सांगते.

आदल्या दिवशी आबासाहेबांनी राखून ठेवलेला शेवटचा डबा इंजिनात ओतला. कल्हईवाले करीमभाई, गावात मोटरीचे वैद्यही तेच. त्यांनी नट आवळून दिला. संध्याकाळी कुसुमला हळद लागली.

सकाळी नवरदेवाला आणायला निघायचं, म्हणून आबासाहेबांनी कांडी ओढली. पिवळीधम्मक!

"हे कोनं केलं?"

आत्याबाई पुढे आल्या. "मीच. मोटर बी लग्नाले चालली ना? वरून हळदीचं बोट लावत होती, तं तेल घालाचं तोंड उघडंच दिसलं. म्हटलं, थोडी पोटात जाऊ दे."

"थोडी म्हंजे?"

"वाटीभर."

आबासाहेब मटकन ओट्यावर बसले. दुसरा डबा पंचक्रोशीत नाही! करीमभाईंनी कांडी हुंगली. "हळद लागली हिले, साहेब. हळद लागलेली घराबाहेर पडत नाही. पर चाला, हळूहळू नेऊन पाहू."

मी औक्षणाचं ताट घेऊन मागे बसले होते. वाटभर मोटर खोकत होती, आणि वास असा, जणू कुणी फोडणी जाळली! रोहिणखेडला नवरदेवाच्या दारात पोचलो आणि ती जी खडखडून थांबली, ती थांबलीच. करीमभाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि परत लावून टाकलं.

मुहूर्ताला वेळ थोडा. नवरदेव बाशिंग बांधून उभा. शेवटी नवरदेवाच्याच गोठ्यातली खिल्लारी बैलांची जोडी काढली, झुली घातल्या आणि दोरखंडानं मोटरीला जुंपली. आबासाहेबांनी मिशीला हातसुद्धा लावला नाही. पागोटं हातात घेऊन ते नवरदेवाच्या आजीपुढे उभे राहिले. त्या घरात शब्द तिचाच.

"आजीबाई, मोटर बंद पडली. माहा शब्द..."

म्हातारी त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती बैलांकडे पाहत होती. मग काठी टेकत मोटरीपाशी गेली, दार उघडायला लावलं आणि नातवाच्या आधी स्वतः चढून बसली.

"सरक बे, नवरदेवा! रातभर झोप नोती मले. म्हने, बिनबैलाची गाडी येऊन राह्यली. अशा गाडीत माह्या नातवाले मी बसू देत असते का?"