काकूंचा मोगरा आणि सामाजिक-राजकीय

आमच्या निर्मळ गावच्या बावखलाला तळ नाही, हे मी चाळीस वर्षं सांगत आलोय. बावखल म्हणजे वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. लहानपणी मी त्यात बुडी मारली ती थेट वसईच्या किल्ल्यापाशी निघालो, केसांत शेवाळ घेऊन. विश्वास बसत नसेल तर राहू द्या. पण दुपारी केळींच्या सावल्या त्या पाण्यावर पसरल्या की काठावरचा माणूस जागा आहे की झोपलेला, हे त्याचं त्यालाही कळत नाही, एवढं मात्र खरं.

अशाच एका दुपारी त्यात मातीभरावाचा पहिला डंपर रिता झाला. जागेच्या मालकाला तिथे इमारत हवी होती. शेजारच्या काकूंची मोगऱ्याची वाडी त्याच पाण्यावर. बावखल गेलं की वाडी गेली.

सभा बोलावली. आमची रीत अशी की हॉलमध्ये फक्त सामाजिक बोलायचं. राजकीय बाहेर, चपलांजवळ. सूत्रसंचालक मी. माझा आवाज असा की एकदा माईकवर बोललो तर वादळाचा इशारा समजून पाचूबंदरच्या कोळ्यांच्या होड्या माघारी फिरल्या. पाण्याचं महत्त्व, पूर्वजांचं शहाणपण, यांवर तासभर सगळे इतकं गोड बोलले की मलाच डुलकी लागली. स्वप्नात वक्ते माशांसारखी तोंडं उघडत-मिटत होते.

जाग आली ती काकूंच्या आवाजानं. भरावाला परवानगी कुणी दिली, आणि आपण निवडून दिलेले आज कुठे आहेत, असं त्या विचारत होत्या.

सभेचे अध्यक्ष हळूच म्हणाले, "काकू, हे राजकीय झालं. इथे सामाजिक बोला."

"माझा मोगरा सुकला की सामाजिक," काकू म्हणाल्या, "आणि सुकवणारा कोण विचारलं की राजकीय. असं कसं रे बाबा? पाणी तर एकच आहे."

'सामाजिक-राजकीय क्षेत्रातील मान्यवर' असं मी लाखभर पत्रिकांत तरी लिहिलं असेल. त्याचा अर्थ पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, एवढंच मला ठाऊक. त्या दिवशी भराव थांबवा म्हणून महापालिकेला अर्ज लिहिताना तोच शब्द विषयाच्या ओळीत घातला, तर पेन जड झालं. अध्यक्षांनी कुरकुरत सही केली.

भराव थांबला. एक कोपरा बुजलाच. काकूंनी पंपाचा पाइप खोल पाण्याकडे सरकवला. परवानगी मात्र अजून रद्द नाही. म्हणून दर सोमवारी फुलं दादरला रवाना करून काकू महापालिकेत जातात. मी सोबत. बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या पदराच्या वासानं अख्खं ऑफिस पेंगायला लागतं, शिपाई, कारकून, मीसुद्धा. साहेबांचं दार उघडतं तेव्हा जाग्या असतात त्या एकट्या काकू.