तात्या एजंट व्हायचे

“पोरगी हुशार हाय गं, पन भिताडाशी बोलल्यावानी वाटतंय. नुसती मान हालवती.”

तात्या फोनवर काकूंना माझ्याबद्दल सांगत होते. मधे फक्त प्लायवुडचं पार्टिशन. मी श्वाससुद्धा हळू घेतला. अंबाजोगाईत एका कृषी केंद्राच्या वर आमचं ऑफिस होतं. तात्या, मी आणि खालून येणारा कीटकनाशकांचा वास. तात्या आष्टीकडचे, मेंढपाळांच्या घरातले. पुण्यातली नोकरी सोडून ते मेंढ्या राखण्याची एक मोबाइल गेम बनवत होते. पैसा पुण्याच्याच एका कंपनीचा.

माझं काम लिहिण्याचं. गेमची बरीच कामं आता एआय एजंट करत, म्हणजे सूचना वाचून आपलं आपण काम उरकणारे प्रोग्राम. त्यांना नकोशा फायली पुसता याव्यात म्हणून एक टूल तयार झालं होतं. ते कधी वापरायचं, कधी नाही, हे मी इंग्रजीत लिहायचं आणि एजंटने ते वाचून वागायचं. एकदा पुसलेलं परत मिळत नसे.

पान लिहून झालं की तात्या खुर्ची ओढून समोर बसत. “मी आता एजंट. मला अक्कल न्हाई, मला फकस्त तुझं वाक्य हाय.” मग ते त्या वाक्यावरून मला छळत. नको असलेल्या फायली काढाव्यात, असं मी लिहिलं तर म्हणाले, “कुनाला नको? मला ही काळी मेंढी बी नको वाटती. उडवू?” मी हसू दाबून वाक्य बदलायची. असं करता करता एक नियम पक्का झाला: माणसाला विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही.

“आन मानूस गप बसला तर?” तात्यांनी विचारलं.

त्याचं उत्तर कंपनीने परस्पर पानात घातलं. ठरावीक सेकंदांत हरकत आली नाही तर होकार समजावा. तात्या फोनवर कडाडून भांडले. “कावून? गप बसनारा हो म्हनतो, हे कुनी ठरिवलं?” कुणी ऐकलं नाही. भांडता भांडता त्यांचा आवाज फाटला. मला वाटलं, रागाने.

घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिथून तात्या घरी गेलेच नाहीत, थेट ऑफिसात आले आणि माइकसमोर बसले. “आज जेवढा आवाज हाय, तेवढा काढून घे.”

गेममध्ये मेंढ्यांना घालायच्या हाळ्या ते स्वतःच्या आवाजात देणार होते. चुकार मेंढीला एक, पाण्यावर न्यायला दुसरी, कोकरू हरवल्यावर तिसरी. खिडक्या लावल्या तरी खालची गिऱ्हाइकं वर बघत राहिली. कोकराची हाळी त्यांना जमेना. खोकले, गरम पाणी प्याले, पुन्हा घातली, पुन्हा फाटली. मी माइक धरून उभी होते. “झाली का गं?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

फायली जड होत्या. नेहमीच्या पद्धतीने त्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवल्या आणि इथून काढल्या.

ऑपरेशननंतर तात्या गळ्याला रुमाल गुंडाळून येऊ लागले. मोबाइलवर एकेक अक्षर टाइप करून मला दाखवायचे. एजंट होणं थांबलं. मी पान पुढे केलं की ते वाचत आणि मान हलवत. ते मला बघवत नसे.

एका सकाळी कंपनीचे साहेब पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, त्यांच्या स्क्रीनवर एजंटकडून सर्व्हरची सफाई करून दाखवत होते. आम्ही फक्त बघणारे, आमचा कॅमेरा बंद. हाळ्यांच्या फायलींची नावं कोडमध्ये कुठेच लिहिलेली नव्हती. मेंढी काय करते ते बघून गेम ती नावं आयत्या वेळी जुळवायची. एजंटला त्या बिनवापराच्या वाटल्या. त्याने विचारलं, हा फोल्डर पुसू का?

“कुणाची हरकत?” साहेब म्हणाले.

तात्या ताडकन उठले. ओठ हलले. मग ते टेबलावर दोन्ही हात आपटू लागले.

“अंबाजोगाईचं नेटवर्क फारच खडखडतंय,” साहेब हसले. “नाही ना कुणाची? मग होऊ दे.”

स्क्रीनवर हरकतीचे सेकंद उतरू लागले. पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले, पण मी त्यांना हरताना पाहिलं ते तेव्हा. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मी माइक तोंडाशी ओढला.

“थांबा! पुसू नका. तो तात्यांचा आवाज आहे, त्यांच्याकडे दुसरा नाही. ते इथे उभे आहेत, सर, त्यांना बोलता येत नाही. माझी हरकत आहे. ऐकू येतंय का तुम्हाला? माझी हरकत आहे!”