खोट्या गावातली म्हातारी

छावणीच्या मागे सैन्याने एक खोटं गाव बांधलं होतं. सात झोपड्या, एक विहीर, आणि विहिरीत पाण्याच्या नावाने ठणठणाट! परमुलखातली लढाई पाहून आलेल्या साहेबांची ही कल्पना. ते सांगायचे,

"तिथं रणगाडेवाले हात हलवत परतले, मावशी. का? तर गावातल्या म्हातारीशी धड बोलता येईना!"

म्हणून पगारी म्हातारी नेमली. ती म्हणजे मावशी, छावणीच्या धोबीखान्यात इस्त्री करणाऱ्या. काम सोपं. झोपडीत वायरलेसचा डबा लपवायचा आणि झडतीला आलेल्या शिकाऊ जवानाला ताकास तूर लागू द्यायची नाही. पोरं यायची ती दारावर लाथ मारूनच. "मेल्यांनो, कडी काय शोभेला लावलीय?" मावशींच्या तोंडाचा पट्टा सुटला की फौज माघारी. सुतार बिचारा दारं बसवून मेटाकुटीला आला होता.

एकदा साहेब म्हणाले, उद्याच्या तुकडीतले पास होतील ते सरळ सरहद्दीवर, नापास ते इथंच कोठाराच्या पहाऱ्याला. त्या तुकडीत मावशींचा एकुलता एक लेक होता. साहेबांना काय ठाऊक! मावशींनी मनाशी खूणगाठ बांधली, पोरगा नापास झालाच पाहिजे. डबा चुलीच्या राखेत पुरला आणि वर पातेलं ठेवलं.

लेकाची पाळी आली. कडी वाजली.

"आई, येऊ का?"

"मी कुणाची आई नाही. इथली म्हातारी आहे," मावशी खेकसल्या.

"बरं, आजी. गुडघा काय म्हणतोय?"

बूट बाहेर काढून तो खाली बसला, पाणी मागितलं. मावशींनी छताकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, चुलीकडे तेवढं पाहिलं नाही. तो लहान असताना त्याच्यापासून साखरेचा डबा लपवल्यावरही त्यांचं असंच व्हायचं. लेक उठला आणि त्याने राखेत हात घातला.

"शाब्बास!" दारातून पाहणारे साहेब नाचायचेच बाकी होते. "एवढं शिकायला त्या परक्या सैन्याची वर्षानुवर्षं गेली!"

"जळली मेली तुमची विद्या," मावशी म्हणाल्या. त्यांना साहेबांचा राग आला, लेकाचा आला आणि स्वतःच्या डोळ्यांचा तर फारच.

निघायच्या दिवशी त्यांनी लेकाच्या गणवेशाला स्वतः इस्त्री केली.

"तिकडेही एखादी म्हातारी डबा लपवून बसलेली असेल. कडी वाजव. गोड बोल."

"हो गं."

"पण तिच्याकडे पाठ करू नकोस. सख्खी आई असून मी तुला फसवायला बसले होते. तिलाही तिचं पोर वाचवायचं असेल."