तीन खाचांचं चाक

शिगम्याच्या दिवसांत डिचोलीत धुकं पडतं ते उन्हं वर आली तरी उठत नाही. कारेरच्या लाकडी बाकांवर दव साचलेलं असायचं, माणूस तसाच बसला तर धोतर भिजायचं. म्हणून बाबली गांवस रोज सकाळी एकेक बाक फडक्याने पुसून काढी, रेडिएटरात पाणी ओती आणि मग पुढे जाऊन हँडल मारी. नवी माणसं बस म्हणायला शिकली होती. बाबलीच्या तोंडी मात्र कारेरच. पोर्तुगेजांच्या राजवटीत ती मुरगावच्या धक्क्यावर उतरली होती. तिच्या नाकाडाखाली एका ओळीत सहा सिलिंडर, सगळं पेट्रोलवर. गोवा सुटला त्या साली बाबली दोडामार्गाकडून गोकुळदास शेटांकडे क्लीनर म्हणून आला, पुढे तीच कारेर त्याच्या हाती लागली, आणि कानशिलावरचे केस पिकले तेही तिच्यावरच.

पण आताशा हँडल मारून मारून खांदा दुखायचा. इंजिन खोकायचं, लागायचं, पुन्हा बसायचं. लाटंबार्शाचा चढाव आला की तिचा दम सुटायचा. मग बाबली निमूट ब्रेक दाबून धरी आणि माणसं खाली उतरून चालू लागत. काजूच्या बियांची पाटी डोक्यावर घेऊन चढणारी शेवंती एकदा खिडकीशी थांबून म्हणाली, "बाबली, चढाव आमी चलान चडतोंव. मगे तिकेट गाडयेचां काढ, आमचां कित्याक?" सगळे हसले. बाबलीही हसला, पण घरी गेल्यावर जेवला नाही.

दुखणं कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड दोन दातेरी चाकं आणि त्यांना जोडणारी साखळी असते. खालचं चाक क्रँकचं, ते वरच्याला ओढून नेतं, आणि वरचं चाक व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे ते सांभाळतं. साखळी वर्षानुवर्षं ताणून लांब झाली की वरचं चाक मागे रेंगाळतं, आणि सगळंच उशिरा होतं. बाबलीने चाक एक दात पुढे सरकवून बघितलं, तर इंजिन घोड्यासारखं लाथा झाडू लागलं. मागे घेतलं, तर पुन्हा तेच रडगाणं. अर्ध्या दाताचं काम होतं, आणि दात काही अर्धा होत नाही.

गोकुळदास शेट वाईट माणूस नव्हता. पेट्रोलचे भाव भडकले त्या साली डिचोलीतल्या बाकीच्यांनी डिझेलच्या गाड्या आणल्या, यानेच तेवढी जुनी ठेवली होती. पण आता त्याचा भाचा डिझेलच्या गाडीवर बसायला टपून होता. शेटाने बाबलीला पेढीवर बोलावून सांगितलं, की गणपतीच्या चवथीपर्यंत बघतो. चवथीला गाडी भरून लाटंबार्शाचा चढाव चढली तर राहील, नाही तर परमिट नव्या गाडीला. नव्या गाडीवर कोण, ते शेट बोलला नाही आणि बाबलीने विचारलं नाही.

म्हापशाला कृष्णनाथचं जुन्या सुट्या भागांचं दुकान होतं. बाबली शुक्रवारच्या बाजाराला तिथे गेला. कृष्णनाथने साखळीचं नाव ऐकूनच हात झटकले. साधी साखळीसुद्धा आता कुणी मागवत नाही, मुंबईहून येतं ते सगळं डिझेलचं. मग उठून जाणाऱ्या बाबलीला त्याने पाठीमागून एक गोष्ट सांगितली. या जुन्या सहा सिलिंडरवाल्यांसाठी परदेशात वेगळा सेट मिळतो म्हणे: चाक दांड्यावर पक्कं करणारी लोखंडी चावी बसवायची खाच एक नाही, तीन. ज्या खाचेत चावी घालाल तेवढं चाक पुढे किंवा मागे, दात न बदलता. आपण नुसतं ऐकलंय, बघितलं नाही, असंही तो म्हणाला.

बाबलीला त्या रात्री झोप लागली नाही. तीन खाचा. अर्ध्या दाताचं काम.

बोर्डें वाड्यावरचा कायतान तारवटी होता, बोटीवर इंजिनखोलीत काम करायचा. शिगमा सरता सरता तो पुन्हा निघणार होता आणि चवथीच्या आधी परतणार होता. बाबलीने त्याला गाठलं. कायतान म्हणाला, अमेरिकेतल्या एका बंदरात असलं जुनं सामान विकणारा माणूस त्याच्या ओळखीचा आहे. चाक कागदावर ठेवून पेन्सिल फिरव, दात मोज, इंजिनावर कोरलेला नंबर लिहून दे, पुरे.

पण आमच्याकडे कागदाचा भरवसा कोण धरतो? पोलकं शिवायचं तर जुनं पोलकंच शिंप्याकडे जातं. मुंबईच्या माणसाकडून चपला मागवायच्या तर जुनी चप्पल पिशवीत जाते. बाबलीच्या भावाने एकदा कागदावर पाय आखून धाडला होता, आणि आले ते बूट पुतण्याला चढले नव्हते. दुकानदारासमोर वस्तूच ठेवायची म्हणजे त्याला फसवायला जागा राहत नाही, ही बाबलीची समजूत पक्की होती. त्याने पुढचं झाकण उघडलं, दोन्ही चाकं आणि साखळी काढली, रॉकेलने धुतली, गोणपाटात बांधली आणि कायतानच्या हाती दिली. कायतानने एकवार त्या बोचक्याकडे आणि एकवार बाबलीकडे बघितलं. पण त्याला जायची घाई होती.

बायको सुमंगला चुलीपुढे बसली होती. तिने ऐकलं आणि फुंकणी खाली ठेवली.

"चाक काढून दिलास? आपल्या गाडयेचां?"

"व्हय."

"मगे ती चलतली कशी?"

"कायतान येयसर चलाची नाय."

"शेटांका सांगलास?"

शेटाला त्याने इतकंच सांगितलं होतं, की इंजिनाचं काम काढलंय. सुमंगलाने फुंकणी उचलली आणि चूल फुंकायला घेतली. बाबलीला तिचा रागच आला.

गाडी शेटाच्या माडांखाली उभी राहिली. लाटंबार्शाची माणसं काही दिवस चालली, मग दुसऱ्यांच्या गाड्यांना लोंबकळली. पावसाळा लागला. बाबलीने बॉनेटवर माडाच्या चुडतांची झापडं घातली, तरी पाणी आत शिरायचं. फळ्या फुगल्या, मागच्या बाकाखाली कोंबडी अंडी घालू लागली. तो बोर्डेंला फेऱ्या मारी. कायतानची बायको पहिल्यांदा खुर्ची द्यायची, मग दारातूनच मान हलवू लागली. बोट कुठल्याशा बंदरात अडकली होती, धक्क्यावरच्या कामगारांचा संप होता, एवढंच तिला कळलं होतं.

चवथ आली. गणपती बसले, विसर्जनही झालं. कायतान आला नाही. बेळगावकडचा एक भंगारवाला शेटाच्या अंगणात उभा राहून कारेरच्या टायरांना लाथा मारून बघत होता, तेव्हा बाबली धावत गेला. जरा थांबा, पात्रांव, सेट वाटेवर आहे, असं त्याने शेटाला परोपरीने सांगितलं. शेटाने भंगारवाल्याला बाजूला पाठवलं.

"लंगडी असली तरी चलत होती मरे, बाबली," शेट हळू आवाजात म्हणाला. "चलती गाडी माझ्यान विकवली नसती. लोकांनी शिव्या घातल्या असत्या. तिका उभी तू केलंस. उभ्या गाडयेक मी काय म्हणान ठेवू?"

बाबलीने गाडीच्या पायातला काटा काढायला जाऊन तिचा पायच काढून दिला होता.

इंजिन घणाने फोडून नेलं. फळ्या कुणाच्या गोठ्याला गेल्या. भाचा नव्या गाडीवर बसला. शेटानेच शब्द टाकून बाबलीला एका खाणीच्या कंत्राटदाराकडे पाण्याच्या टँकरवर लावून दिलं. ओहोळावर टँकर भरायचा, ट्रकांच्या रस्त्यावर धूळ बसायला पाणी शिंपायचं, पुन्हा भरायला यायचं. चढाव नाही, पॅसेंजर नाही, कुणी नाव घेऊन हाक मारत नाही.

काजूला मोहोर आला तेव्हा, टँकर भरत असताना, कायतान ओहोळावरच त्याला शोधत आला. अंगावर नवा शर्ट, काखेत जड पुडकं.

"बाबली, तुजें चाक हाडलां."

बाबलीने टँकरच्या मडगार्डवर पुडकं सोडलं. तेलकट कागदात नवी साखळी, धाकटं चाक, थोरलं चाक; आणि गोणपाटात जुनी जोडीही जशीच्या तशी. थोरल्या चाकाच्या भोकात तीन खाचा होत्या. बाबलीने तिन्हींतून बोट फिरवलं. मग जुन्यावर नवं धरून बघितलं. दाताला दात जुळला. एक खाच सोडून दुसरी धरली की अर्ध्या दाताचा फरक, बरोब्बर तेवढाच.

"बेस आसा मरे?" कायतानने विचारलं. "गाडी खंय?"

बाबलीने सांगितलं. सांगायला फार काही नव्हतं. कागदाची गोष्ट कायतानच्या ओठावर आली असणार, पण त्याने ती काढली नाही. पैशांचं बाबलीने विचारलं तर नको म्हणाला, आणि जाताना नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

बाबली चाक हातात घेऊन उभा राहिला. अशी गाडी आता डिचोलीत नाही, पेडण्यात नाही, म्हापशाकडेही कुणाकडे असल्याचं ऐकिवात नाही. मागे दुसरा टँकर येऊन थांबला होता, त्याने भोंगा वाजवला. याचा टँकर भरून वर पाणी उतू चाललं होतं. बाबलीने पुडकं पुन्हा बांधून सीटखाली सरकवलं, पाइप बाहेर ओढला, झाकण घट्ट फिरवलं आणि पाइपाचं वेटोळं घालायला घेतलं.