खुंटीवरची ढोलकी

मी लग्न होऊन आले तेव्हापासून मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, ढोलकी खुंटीला टांगलेली होती. वीस वर्षं ते खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा उभ्यानं रंगणारा तमाशा, करत गावोगाव हिंडले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत सडक अर्जुनीच्या बाजूला त्यांच्याशिवाय पान हलत नसे. पुढे घरानं बाप्तिस्मा घेतला आणि आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, तमाशातलं वाद्य देवाच्या घरात नको. मामाजींनी ढोलकी खुंटीला टांगली. पण दर दिवाळीला ते ढोलकी उतरवायचे, पुसायचे, दोऱ्या ताणून बघायचे आणि एक थाप न मारता पुन्हा टांगायचे. ते बघून माझं डोकं फिरायचं.

त्या वर्षी गोंदियाच्या ख्रिस्ती संगीत महोत्सवाचं बोलावणं पहिल्यांदाच आमच्या मंडळीला आलं. गाणारे तरी कोण? धानाच्या रोवणीत चिखलात उभं राहून गळा कमावलेल्या माझ्या दोन जावा, कोहमाऱ्याला ट्रकचे पंक्चर काढणारा आणि पूर्वी भजनात मंजिरा वाजवणारा मंडळीतला एक भाऊ, आणि सगळ्यांवर ओरडायला मी. आम्ही एक हिंदी गीत बसवलं, तर त्याचं पार रडगाणं झालं. मी तडक मामाजींपुढे गेले आणि म्हटलं, तुम्ही आल्याशिवाय आम्ही जात नाही.

"साहेबानं नाही म्हटलं ना बाई," ते म्हणाले. "कायले आगीत तेल ओतून राहिली?"

शास्त्रात डफ चालतो, झांजा चालतात, मग ढोलकीनंच काय घोडं मारलं, असं मी विचारलं. तेव्हा सासूबाई उठल्या, ढोलकी काढली आणि मामाजींच्या मांडीवर आणून ठेवली. त्याच संध्याकाळी मामाजींनी गंमतीच्या चालीवर येशूचं नवं गीत रचलं.

महोत्सवात प्रत्येकाचा परिचय वाचून दाखवणार होते, त्यासाठी संगीत कुठं शिकलात ते कागदावर लिहून द्यायचं होतं. माझा नवरा म्हणाला, मामाजींच्या नावापुढं 'घरगुती' लिही, कटकट नको. मी खरं तेच लिहिलं.

मैदानात गेल्यावर मात्र मी सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. रेल्वे क्वार्टरची पोरं गिटार घेऊन आलेली, दवाखान्याच्या नर्सबाया पांढऱ्या साड्यांत, वसतिगृहाच्या मुली कीबोर्डवर. कुणी मिशनच्या शाळेत शिकलेलं, कुणी नागपूरच्या क्लासात. मग आमचा कागद वाचला गेला: रोवणी, भजन, आणि ढोलकी, वीस वर्षं खडी गंमत. कुणीतरी फिदीफिदी हसलं. पहिल्या रांगेत आमचे पाळकसाहेब बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मामाजींनी ते पाहिलं आणि त्यांचा हात ढोलकीवर तसाच राहिला. वाटलं, हा माणूस आता माघारी फिरतो आणि पुन्हा कधी ढोलकीला हात लावत नाही, आणि ते पाप माझ्या डोक्यावर.

पण मामाजींनी स्टेजवरची खुर्ची बाजूला सारली, ढोलकी कमरेला बांधली आणि थाप मारली. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्याला मामाजी गर्रकन वळले आणि पाहुण्यांकडे पाठ करून उभे राहिले.

गंमतीला चारी बाजूंनी माणसं बसतात, म्हणून कडवं बदललं की गाणारा दिशा बदलतो. अंगणात सराव करताना आम्हीही त्यांच्या मागे तसंच फिरायचो. स्टेजला एकच तोंड असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या टाळक्यात आलं नाही! सवयीनं आम्ही सगळेच वळलो. माईक पाठीमागे राहिले. लाजेनं माझा जीव अर्धा झाला.

स्टेजच्या मागे पडदा नव्हता. तिकडे जेवणाच्या पुऱ्या लाटणाऱ्या बाया बसल्या होत्या, आमच्यासारख्याच खेड्यापाड्यांतल्या. दिवसभर सगळ्यांच्या पाठीच बघत होत्या. मामाजी आपल्याकडे बघून गातात म्हटल्यावर एकीनं लाटणं खाली ठेवलं आणि झील धरली, म्हणजे ध्रुपद मागून म्हणायला लागली. मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. तिसऱ्या कडव्याला डावीकडचे गाडीवाले, चौथ्याला उजवीकडची पोरं. मामाजी पुन्हा समोर वळले तोवर अख्खं मैदान ती झील म्हणत होतं, आणि पाळकसाहेब उभे राहून टाळ्यांचा ठेका धरत होते.

बक्षीस नर्सबायांना गेलं. जाऊ द्या. मामाजी ढोलकी सोडत होते तेव्हा पाळकसाहेब स्टेजवर चढून आले. हात जोडून म्हणाले, "चूक माझी झाली, भाऊ. रविवारी घेऊन या."

परतताना मामाजी जीपमध्ये मोठ्यानं गात होते आणि मी हसता हसता रडत होते. घरी आल्यावर त्यांनी ढोलकी टांगायला हात वर केला, तर खुंटीवर सासूबाईंची छत्री. "आता ती खुंटी मले लागते," त्या म्हणाल्या.