जुन्या अभ्यासक्रमाची महेश्वरी

महेश्वरी चिलवेरीला अर्थशास्त्र येत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी माझ्याकडं पाठवा. सात रस्त्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती सहा वर्षं अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवत होती, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की बसा घरी. नवरा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. घरात तेलुगू, वर्गात मराठी, आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत विद्यापीठाच्या एम.ए.चा अभ्यास.

एम.ए.ला नाव घातलं त्याला सात वर्षं झाली होती. मधे मुलगी झाली, कोरोना आला, सासू अंथरुणाला खिळली. पेपर एकेक करत सुटले, एकच राहिला, अर्थमितीचा. गणिताशी तिचं पहिल्यापासून वाकडं. तीनदा बसली, तीनदा आपटली. तेवढ्यात अभ्यासक्रम बदलला आणि विद्यापीठाचं पत्रक निघालं, की जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना ही शेवटची संधी. आता गेला, तर सुटलेले सगळे पेपरही पाण्यात. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात.

नेमकी त्याच साली कॉलेजात अर्थशास्त्राची एक कायम जागा मंजूर झाली. संस्थेच्या सचिवांनी तिला बोलावून सांगितलं, की जूनपर्यंत एम.ए.चा निकाल आणा, जागा तुमची. नाही आणला तर बार्शीची एक उमेदवार कागदपत्रं घेऊन तयारच बसलीय.

मग काय, बाई पदर खोचून कामाला लागली. स्वयंपाकाच्या ओट्यावर खडूनं सूत्रं लिहायची, भाकरी होईस्तोवर पाठ करायची आणि त्याच पिठाच्या हातानं पुसायची. चार महिने हेच. आणि गंमत म्हणजे यंदा तिला ते नुसतं पाठ झालं नाही, कळलं. अमुक सूत्र असंच का, हे ती नवऱ्याला जेवताना समजावून सांगायची. तो बिचारा मान हलवायचा.

पेपरच्या दिवशी ती वर्गात शिरली आणि दारातच थबकली. समोरच पायल बसलेली. सहा वर्षांपूर्वी तिच्या पहिल्याच तुकडीत बारावीला होती ती. दोन बाक सोडून महेश्वरीचीच आणखी एक विद्यार्थिनी. मधे नोकऱ्याबिकऱ्या करून या पोरीही एम.ए.ला पोचल्या होत्या. दोघी चटकन उठून उभ्या राहिल्या, ‘मॅडम, तुमाला हितं सुपरव्हिजन हाय व्हय?’ म्हणाल्या. महेश्वरी काहीतरी पुटपुटली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

पर्यवेक्षक होते प्रदीप सर. तेही तिच्यासारखेच तासिकेवरचे. त्यांनी गठ्ठा फोडला आणि मोठ्यानं विचारलं, ‘जुन्या अभ्यासक्रमाचे रिपीटर कोण आहेत? हात वर करा.’

हात वर करायचा होता. एवढंच काम होतं. पण ‘नापास होऊ नये म्हणून काय करावं’ हे ज्या पोरींना तिनं वर्षभर सांगितलं, त्या समोर बसलेल्या. तिचा हात मांडीवरून हललाच नाही. सर सहीला येतील तेव्हा हळूच सांगू, असं तिनं ठरवलं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते काय उगीच नाही.

सरांनी तिच्या पुढ्यात नव्या अभ्यासक्रमाचा पेपर ठेवला. ती उत्तरपत्रिकेला समास आखत बसली. पाच पानांना आखले, दहा पानांना आखले. सर सह्या करायला दाराकडून निघाले ते तिच्यापर्यंत यायला चाळीस मिनिटं लागली. तिनं हॉल तिकीट पुढं करून कानात सांगितल्यासारखं सांगितलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. हल्ली पेपर त्या दिवशीच ऑनलाइन येतात आणि केंद्रावर छापतात. जुन्याची एकच परीक्षार्थी, त्यामुळं ऑफिसात तो कुणी उतरवूनच घेतला नव्हता. लिंक बंद झालेली. विद्यापीठाला फोन, पुन्हा फोन. पेपर हातात पडला तेव्हा तीन तासांतले दीड तास गेले होते.

तिनं प्रश्न वाचले. सगळे येत होते. एकूण एक. त्या पेपरकडं बघून तिला रडू फुटलं.

केंद्रप्रमुख स्वतः वर्गात आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सांगितलं, की पर्यवेक्षकानं विचारलंच नसेल तर चूक केंद्राची. तसा अहवाल जाईल आणि बाईंना गेलेला वेळ भरून मिळेल. विचारलं असेल तर मात्र चूक परीक्षार्थीची, कारण तेव्हा लिंक चालू होती; मग वेळ नाही. त्यांनी प्रदीप सरांकडं बघितलं. सर म्हणाले, विचारलं होतं. तासिकेवरच्या माणसावर असा अहवाल गेला की पुढच्या वर्षी त्याला कुणी दारात उभं करत नाही, हे महेश्वरीइतकं कुणाला ठाऊक असणार?

तेवढ्यात पायल उभी राहिली.

‘न्हाय सर,’ ती म्हणाली, ‘सरांनी विचारलंच न्हवतं.’

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. महेश्वरीला फक्त गप्प बसायचं होतं. दीड तास, डिग्री, कायमची नोकरी, सगळं त्या एका गप्प बसण्यात होतं. पण बारावीला कधी शेजारणीच्या वहीत डोकावली नाही ती ही पोरगी, आणि आज भर वर्गात तिच्यासाठी धडधडीत खोटं बोलत होती. महेश्वरीला स्वतःची किळस आली.

‘विचारलं होतं,’ ती म्हणाली. ‘मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसले.’

झालं. वेळ मिळाला नाही. ती लिहीत सुटली, अक्षराचं पार मातेरं झालं. तीन प्रश्न पुरे झाले, चौथा निम्मा. घंटा झाली तेव्हा पुढची ओळ डोळ्यांसमोर उभी होती आणि प्रदीप सर तिच्या हाताखालून उत्तरपत्रिका ओढत होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. आभारही मानले नाहीत.

बाहेर पायलचे डोळे सुजलेले. ‘मॅडम, खरं कशाला बोललात?’ तिनं विचारलं. खरं सांगायचं तर तिलाही त्या घडीला तेच वाटत होतं. रिक्षात बसल्यावर तर ती स्वतःला शिव्या घालत घरापर्यंत गेली.

निकाल लागला. चार मार्क कमी. कायम जागेवर बार्शीची बाई रुजू झाली. महेश्वरी अजून तिथंच तासिकेवर आहे, आणि एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा फॉर्म तिच्या पिशवीत पडून आहे. भरवत नाही तिच्यानं.

त्या दिवसाची गोष्ट गावभर झाली. स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी विषय काढतंच. मॅडम, तुमच्यासारखी खरी माणसं आता राहिली नाहीत, म्हणतात. महेश्वरी वह्या तपासत असते, मान वर करत नाही.

‘कौतुक ठेवा तुमच्यापाशी,’ ती म्हणते, ‘मला चार मार्क द्या.’