कोणता परसों?

"हा टायफॉइड आहे, सूनबाई. आणि आज विसावा दिवस आहे," अंबादासराव डॉक्टर म्हणाले आणि सासूबाईंच्या हातातली एरंडेलाची वाटी त्यांनी काढून घेतली.

हैदराबाद हिंदुस्थानात सामील झालं, त्या वर्षीचं नवरात्र. दुसऱ्या माळेची सकाळ होती. काचीगुड्याच्या आमच्या घरात मी पडून होते, वय वीस, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एरंडेल पिण्यासाठी मी तोंड उघडलंच होतं. डॉक्टर आणखी दोन मिनिटं उशिरा येते, तर हे लिहायला मी उरले नसते.

टायफॉइड म्हणजे विषमज्वर. या तापात आतड्याला आतून जखमा होतात, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या सगळ्यात नाजूक असतात. त्या वेळी जुलाब घेतला, तर पर्फोरेशन होतं, म्हणजे आतड्याला भोक पडतं. असं झालेला माणूस तेव्हा क्वचितच वाचायचा. आजची औषधं आमच्यापर्यंत पोचली नव्हती.

एरंडेल मात्र सासूबाईंच्या मनानं आलेलं नव्हतं. आदल्याच दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते लिहून दिलं होतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. चूक माझ्या तोंडची होती.

अंबादासराव आमचे घरचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना सुलतान बाजारात, एका कापडदुकानाच्या माडीवर. वैद्यकी उर्दूतून शिकलेले, रागवायचे मराठीतून, आणि लेकरांना सुई टोचायची तर तेलुगूतून गोड बोलायचे. आमच्या ह्यांचा जन्म त्यांच्याच हातचा. पण मी फणफणले तेव्हा नेमके ते गावात नव्हते. हिंदुस्थानच्या फौजा आल्या, त्या पोलिस कारवाईनंतर जिल्ह्यांतल्या बऱ्याच जागा रिकाम्या पडल्या होत्या, आणि मराठवाड्यातल्या एका मोठ्या दवाखान्याची जागा त्यांना देऊ केली होती. बंगला, मोटार, दारात शिपाई. ती बघायला ते आठ दिवस गेले होते.

त्यामुळं ह्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. बाकावर तीन तास बसलो. समोर एक तरुण डॉक्टर, नुकतेच दक्षिणेतून बदलून आलेले, हिंदी जपून बोलणारे. त्यांनी विचारलं, "बुखार कब से है?"

मी म्हटलं, "परसों से."

त्यांनी लिहिलं, दोन दिवस. पोट साफ नाही म्हटल्यावर एरंडेल आणि हिवताप समजून क्विनीन दिलं. शहाण्या माणसानं दोन दिवसांच्या तापाला जे करायचं, तेच त्यांनी केलं.

आता आमचा परसों सांगायला हवा. इतर मुलखात परसों म्हणजे परवा. हैदराबादेत परसों म्हणजे काल नव्हे आणि उद्याही नव्हे, एवढंच नक्की. त्याच्या पलीकडं आठवडा, महिना, वर्ष, काहीही. सासूबाईंचं लग्नदेखील परसोंच झालं होतं. उर्दूतला हा शब्द आमच्या मराठीत असा काही मुरला, की तारीख सांगायची आम्हाला सवयच राहिली नाही.

त्या सकाळी अंबादासराव आले ते खरं तर निरोप घ्यायला. जागा पसंत पडली होती, दसरा झाला की निघायचं होतं. वाटी बघून ते उंबऱ्यातच थांबले.

"हे कुणासाठी?"

"सूनबाईसाठी. काय की बाई, परसोंपासून डोकं धरून बसतीय," सासूबाई म्हणाल्या.

निरोप राहिला बाजूला. डॉक्टर खाली सतरंजीवर बसले, माझी जीभ बघितली, पोटावरून हात फिरवला, नाडी धरली. "ताप एकशेतीन आणि नाडी नव्वद. एवढ्या तापात नाडी याहून जलद हवी. हे जुळत नाही," असं स्वतःशीच पुटपुटले. मग माझ्याकडं वळले.

"कोणता परसों, पोरी?"

आमच्या घरात तारखा कुणाला आठवत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी तारीख विचारलीच नाही.

"महालक्ष्म्या बसल्या तेव्हा बरी होतीस?"

"हौ. पुरण मीच वाटलं."

"फौजा आल्या तेव्हा?"

"सगळे घरात बसून रेडिओ ऐकत होतो. माझं डोकं फुटत होतं. मला वाटलं भीतीनं."

"आणि पितरांच्या वेळी?"

"वडे तळताना थंडी वाजत होती."

ते बोटांवर मोजत होते. विसावर थांबले आणि वाटी काढून घेतली.

त्यांनी मला उठूही दिलं नाही. दाराची फळी काढून तिच्यावर मला निजवलं आणि चौघांनी धरून पुन्हा त्याच सरकारी दवाखान्यात नेलं. टांग्याचे हादरे नकोत म्हणून पायी. काचीगुड्याचे लोक बघायला दारात आले. मी डोळे मिटून घेतले, लाजेनं अर्धे आणि तापानं अर्धे.

तरुण डॉक्टरांपुढं अंबादासराव हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ते इतकंच म्हणाले, "साहेब, दवा आपकी सही थी, तारीख हमारी गलत थी." मग त्यांना परसोंचा अर्थ समजावला.  तसे तरुण डॉक्टर माझ्या खाटेजवळ आले आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाले. ह्यांनी नंतर सांगितलं, ते माफी मागत होते. विडाल नावाची रक्ताची तपासणी झाली. टायफॉइडच निघाला.

पुढचे दिवस मी उताणी पडून काढले. कुशीवर वळायचं तरी नर्स वळवणार. बार्लीचं पाणी, मोसंबीचा रस, कपाळावर ओल्या पट्ट्या. शेजारच्या खाटेवरची बाई भात खायची आणि मला तिचा राग यायचा. भूक ही काय चीज आहे, ते मला तिथं कळलं.

तिसऱ्या दिवशी शौचाला काळं झालं. हॅमरेज, म्हणजे आतड्यातून रक्त जाणं. त्या दिवशी पाण्याचा थेंबही बंद, नुसता ओला बोळा ओठांना. सासूबाई व्हरांड्यात देवीचं नाव घेत बसल्या. हे खांबाला टेकून उभे होते, मला दिसू नये म्हणून तोंड फिरवून रडत होते. मला मरायचं नव्हतं, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. अंबादासराव स्टुलावर बसून नाडी धरून होते. "मग मरू नकोस. आणि हालू पण नक्को," ते रागावून म्हणाले. दुपारभर ते उठले नाहीत.

रक्त थांबलं. मग ताप उतरायला लागला, रोज थोडा. याला लायसिस म्हणतात, पायरीपायरीनं उतरणं. तुमच्या घरी कुणी अशा तापात असेल, तर मी एवढंच सांगेन: दिवस मोजा. तारखा ध्यानात राहत नसतील तर सणांनी मोजा, स्वयंपाकानं मोजा, पण मोजा. आणि घरच्या डॉक्टरला विचारताना लाजू नका.

दसऱ्याला डॉक्टर जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आले. हैदराबादेत सोनं म्हणून हीच वाटतात. एक पान माझ्या उशाशी ठेवलं, एक त्या तरुण डॉक्टरांच्या हातात दिलं. ते दोघं आता चांगले दोस्त झाले होते. तरुण डॉक्टरांची फेरी आली की मला लांबून ऐकू यायचं. प्रत्येक रुग्णाला ते मोडक्या हिंदीत विचारायचे, "कौनसा परसों?" आणि अख्खा वॉर्ड हसायचा.

दसरा आला, म्हणजे आता डॉक्टर निघणार. त्यांनी जाऊ नये, असं मला वाटत होतं. स्वार्थच होता तो. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमची मोटार कधी येणार?"

ते स्टुलावर बसले. 

"तिथं रोज शंभर माणसं बघायला मिळतील, सूनबाई. साहेब म्हणतील मला. पण त्यातल्या एकाचाही परसों मला कळणार नाही." मग म्हणाले, "तुझ्या सासूबाईंच्या हातातून वाटी घेतली ना, तेव्हा वाटलं, याच्यासाठीच तर शिकलो होतो. बावीस वर्षं करतोय, पण असं सुख त्या दिवशीच झालं."

"म्हणजे जाणार नाही?"

"जाणार की. परसों."

पुढं पस्तीस वर्षं ते त्याच माडीवर बसले. जिना चढताना धापा टाकायला लागले तरी बसले. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली, सासूबाईंचे शेवटचे दिवस त्यांनी सोपे केले, ह्यांचा दमा सांभाळला. त्यांच्यापेक्षा शिकलेले डॉक्टर मी खूप बघितले, हुशारही बघितले. पण कामावरून असं तृप्त होऊन घरी जाणारा माणूस दुसरा बघितला नाही. संध्याकाळी दवाखाना बंद करून ते सुलतान बाजारातून चालत निघायचे, आणि वाटेत दहा जण त्यांना थांबवून आपापली दुखणी सांगायचे. ते वैतागायचे, रागवायचे, आणि दहाही जणांचं ऐकून घ्यायचे.

आता नातवंडं हैदराबादेत नाहीत, त्यांना मराठी वाचताही येत नाही. परवा एक नात आली होती, शिकतेय डॉक्टरकीच. तिला ही गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "आजी, हे डॉक्टर कधी गेले?"

वर्ष मला तोंडपाठ आहे. महिना, वार, सगळं आठवतं. तरी तोंडातून निघालं ते एकच.

"परसों."